हवामानाचा अंदाज कोणासाठी?

विद्यार्थी मित्रहो, नवी मुंबईतील उलवे हे नाव विमानतळामुळे तुम्हांला आता ठाऊक झाले असेल. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. विमान उतरण्यापूर्वी वैमानिकाला वाऱ्याची दिशा व वेग, हवेचा दाब, ढगांची उंची आणि किती अंतरावरचे दिसते हे कळवावे लागते. विमानतळांवर अशी निरीक्षणे साधारणपणे दर अर्ध्या तासाने घेतली जातात. ती साऱ्या जिल्ह्याची नसतात. त्या विमानतळाचीच असतात आणि वैमानिकाला समजेल अशाच भाषेत असतात.

आता याच परिसरातील शेतकऱ्याकडे पाहू. नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील पुष्कळ भातशेती व मिठागरे संपादित झाली. तरीही उरण, पेण, अलिबाग या तालुक्यांत खारजमिनीत भात लावणारी आगरी, कराडी, कोळी कुटुंबे आहेत. डोंगरउतारावर कातकरी व ठाकूर लोक वरी-नाचणी पिकवतात. संख्येने थोडे, जमिनीचे तुकडे लहान, आणि पुष्कळदा सातबाऱ्यावर नावही नाही. यांना हवामानाची माहिती कशी मिळते?

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. शेतकऱ्यांसाठी रेडिओवरील हवामानवृत्त १९४५ पासून, तर पिकांविषयीचा सल्ला १९७६ पासून मिळू लागला. २०१९ मध्ये ‘मेघदूत’ हे मोबाइलचे ॲप आले. दर मंगळवारी व शुक्रवारी कृषिहवामान पत्रक निघते. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण सर्वांना एकच पत्रक दिले म्हणजे न्याय झाला काय? मला तसे वाटत नाही. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण जागेचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटर! मग उरणच्या किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेल्या रायगड जिल्ह्याला एकच अंदाज कसा पुरणार?

दुसरे कारण गरजेचे. खारजमिनीला समुद्राकडून बांध असतो आणि बांधात उघाडी असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची दारे मिटतात, ओहोटीला उघडतात. ऐन भरतीत मुसळधार पाऊस झाला तर पाणी बाहेर जात नाही आणि रोपे बुडतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांध फुटला तर शेतात खारे पाणी शिरते. म्हणून या शेतकऱ्याला केवळ ‘उद्या मुसळधार पाऊस’ एवढे कळून भागत नाही. तो भरतीच्या वेळी येणार की ओहोटीच्या, हे त्याला हवे असते. भरतीच्या वेळा तर कित्येक महिने आधी गणिताने काढता येतात. मग या दोन माहित्या एकाच पत्रकात का देऊ नयेत?

डोंगरावर प्रश्न निराळा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकूरवाडी दरडीखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण सापडलेच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. ज्यांची नोंद नसते त्यांच्यापर्यंत इशाराही पोचत नाही.

तिसरे कारण भाषेचे व साधनांचे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ याचा हवामानशास्त्रातील अर्थ असा, की त्या भागातील फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस पडेल. पण ‘तुरळक’ ऐकून शेतकरी पाऊस थोडाच आहे असे समजला, तर दोष कोणाचा? ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडातील कित्येक गावांत वीज आणि मोबाइल बंद पडले. केवळ मोबाइलवर विसंबून कसे चालेल?

कोणी म्हणेल, वाडीवाडीचा अचूक अंदाज विज्ञानाला अजून जमत नाही. हे खरे आहे. २०२४ पासून ग्रामपंचायतवार अंदाज मिळू लागले, २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत मजल गेली. तरी अंदाज चुकू शकतोच. मग तो किती वेळा चुकतो, हेही प्रांजळपणे सांगावे. आणि सल्ला तयार करण्याआधी कसणाऱ्याला विचारावे, की बाबा रे, तुला कोणता निर्णय केव्हा घ्यावा लागतो? यात सातबाऱ्यावर नाव नसलेली कुळे व स्त्रियाही आल्या. उत्तर मिळाले की ग्रामसभेत, ध्वनिक्षेपकावरून, त्यांच्या बोलीत सल्ला सांगता येईल.

यात तुमचाही वाटा आहे. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा शाळेच्या मोकळ्या आवारात ठेवा. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, लिहा आणि पाणी ओतून टाका. शेजारी त्या दिवसाचा सरकारी अंदाज लिहा. चार महिन्यांनी ही वही गावातील शेतकऱ्यांना दाखवा आणि विचारा: अंदाज तुमच्यापर्यंत पोचला का? समजला का? त्यावरून काही करता आले का? या तीन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळेल तेव्हाच हवामानशास्त्र शेतकऱ्याच्या बांधावर पोचले असे म्हणता येईल.