पोटाचा काटा कोणी तपासला?

बाजार समितीत माल उतरवला की जाणत्या शेतकऱ्याची पहिली नजर काट्यावर जाते. काटा शून्यावर उभा आहे का, वजनमापे खात्याचा शिक्का आहे का, त्याची मुदत उलटली नाही ना, हे तो आधी बघतो. संशय आला तर शिक्क्याचे वीस किलोचे वजन काट्यावर ठेवायला लावतो. वीस ठेवले आणि काट्याने एकोणीस दाखवले, की पुढे वाद घालायला नको. काटा खोटा.

पण मंडळी, आपल्या पोटाचेही माप काढतात. कष्ट करणाऱ्या गड्याला दिवसाला इतके उष्मांक लागतात, बाईमाणसाला इतके, असे आकडे आपण मुलांच्या पुस्तकात वाचतो. उष्मांक म्हणजे कॅलरी. हे आकडे ज्या काट्यावर तोलले तो काटा कोणी तपासला, हे मात्र आपण विचारत नाही. आज तेच पाहू.

चुलीत लाकूड जळते तेव्हा हवेतला प्राणवायू खर्च होतो, ऊब निघते आणि कर्बवायू बाहेर पडतो. शरीरात अन्नाचे तसेच होते, फक्त जाळ न होता, सावकाश. म्हणून माणसाने किती प्राणवायू वापरला हे कळले, की किती अन्न जळले याचा हिशेब लागतो. एक लिटर प्राणवायूमागे साधारण पाच उष्मांक. निवांत पडलेला मोठा माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास प्राणवायू वापरतो.

ऐकायला सोपे वाटते. मेख पुढे आहे. बाहेरच्या हवेत शंभर भागांत प्राणवायूचे २०.९ भाग असतात. तपासणीत माणसाच्या तोंडावर पारदर्शक टोप ठेवून त्यातून हवा ओढतात. बाहेर येणाऱ्या हवेत प्राणवायू २०.२ च्या आसपास भरतो. सगळा हिशेब या ०.७ च्या फरकावर! भरलेला ट्रॅक्टर तोलायचा, एक गोणी उतरवून पुन्हा तोलायचा, आणि त्यावरून गोणीचे वजन सांगायचे, तशातला हा प्रकार. यंत्र नुसते ०.०७ ने चुकले, तर उत्तर शंभरात दहाने चुकते. टोपाला बारीक फट राहिली तरी तेच.

मग या यंत्रासाठी शिक्क्याचे वजन आणायचे कुठून? ही युक्ती सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने वापरली. १८९० नंतरच्या दहा वर्षांत मिडलटाउन गावच्या वेस्लेयन विद्यापीठात त्याने रोझा या पदार्थविज्ञानाच्या जाणकाराला हाताशी धरून एक खोली बांधली. सात फूट लांब, चार फूट रुंद, धातूच्या भिंतींची. आत खाट, खुर्ची, टेबल. माणूस आत काही दिवस राही. जेवण झरोक्यातून दिले जाई. नळ्यांतून खेळवलेले पाणी त्याच्या अंगाची ऊब घेऊन बाहेर येई, आणि पाणी किती तापले ते मोजले जाई.

पण माणसाचे आकडे खरे धरण्याआधी ॲटवॉटरने त्या खोलीत स्पिरिटचा दिवा लावला. एक ग्रॅम शुद्ध स्पिरिट जळले की सुमारे सात उष्मांक ऊब निघते, आणि कर्बवायू किती निघतो तेही ठरलेले असते. दिवा खोटे बोलत नाही. खोलीने तेच आकडे दाखवले तर खोली खरी. नाही दाखवले तर गळती शोधा. त्याच्या खोलीचा फरक शंभरात एकाच्याही आत आला. मगच माणसे आत बसवली. पिठुळ पदार्थ आणि प्रथिनांच्या एका ग्रॅममागे चार उष्मांक, तेलातुपाच्या एका ग्रॅममागे नऊ, हा जो हिशेब आज बिस्किटाच्या पुड्यावरही असतो, तो ॲटवॉटरच्याच कामातून आला. आजही चांगल्या प्रयोगशाळेत स्पिरिट जाळून यंत्र तपासतात.

याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध ताटाशी आहे.

१९३१ साली मद्रासच्या एलिनॉर मेसन आणि अमेरिकेतले बेनेडिक्ट यांनी दक्षिण भारतातल्या स्त्रियांची मोजणी प्रसिद्ध केली. स्वस्थ पडून असताना त्यांचे शरीर अमेरिकन बायकांच्या मानाने बरेच कमी इंधन जाळत होते. आता हा फरक शरीराचा की यंत्राचा? की मोजताना बायांचा डोळा लागला म्हणून? कारण झोपेत खर्च आणखी उतरतो. तेही या दोघांनी १९३४ मध्ये तपासले. काटा तपासलेला नसेल तर या प्रश्नाला उत्तरच नाही.

आपल्या पुण्यातही या आकड्यांवरून मोठा वाद झाला. १९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० उष्मांक धरून देशातल्या गरिबांची गणती केली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे वेगळे होते. निरोगी माणसाची गरज स्वतःच खालीवर होत असते. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका, असे ते म्हणत. दांडेकरांना ते पटले नाही. दोघेही मोठी माणसे. पण वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता, की आकडा हलतो तेव्हा शरीर हलते की माप हलते? त्या उत्तरावर कोट्यवधी माणसे भुकेल्यांच्या यादीत राहणार होती किंवा बाहेर जाणार होती.

हिशेब घरचाच करून पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली मध्यम कष्टाच्या ५५ किलो वजनाच्या बाईसाठी रोज २,१३० उष्मांक सांगितले. त्याआधी २०१० साली तेवढ्याच वजनाच्या बाईसाठी २,२३० सांगितले होते. बाई तीच, मोजमापे आणि हिशेबाची रीत सुधारली. आता समजा, आकडा शंभरात दहाने चुकला. म्हणजे रोजचे सुमारे २१० उष्मांक, ज्वारीत साठेक ग्रॅम, महिन्याला जवळपास दोन किलो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला पाच किलो धान्य ठरवले आहे. त्याच्या शेजारी हे दोन किलो ठेवून बघा.

शहरात नोकरीला असलेला मुलगा सुट्टीला येतो, मनगटावरचे घड्याळ दाखवून म्हणतो, "आई, आज तू निंदणीत इतक्या कॅलऱ्या जाळल्यास." त्याचे कौतुक करा, पण आकड्यावर विसंबून भाकरी कमी करू नका. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली अशी सात घड्याळे श्वास मोजणाऱ्या यंत्राशी ताडून पाहिली. सर्वांत बरे घड्याळही सरासरी शंभरात २७ ने चुकले. सर्वांत वाईट ९३ ने.

मग साध्या माणसाने काय धरावे? सरकारी आकडा शेकडो माणसांच्या सरासरीचा असतो. तो एकट्या कोणाचे माप नव्हे. घरात खरे माप म्हणजे वजन. दर महिन्याला त्याच काट्यावर, सकाळी अनशापोटी, साध्या कपड्यांत वजन करा आणि वहीत लिहा. काटा आधी तपासा. दुकानातली मीठसाखरेची एक-एक किलोची पाच पाकिटे ठेवली तर पाच दाखवतो का ते बघा. सुगीत राबणाऱ्या सुनेचे, वाढत्या पोरांचे, म्हाताऱ्या सासूचे वजन दोन-तीन महिने उतरतच राहिले, तर पुस्तकातला आकडा काहीही म्हणो, त्या ताटात कमी पडते आहे किंवा अंगात काही दुखणे आहे. ताट वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आपल्या घरात शेवटी जेवायला बसते ती बाई. तिच्या वाट्याचा आकडा चुकला तर तक्रार करायला ती कुठे जाणार? म्हणून मालाच्या काट्याला जसे विचारता, तसे पोटाच्या आकड्यालाही विचारत चला. कोणी मोजले, कोणाचे मोजले, आणि मोजण्याआधी दिवा लावून पाहिला होता का?