टाळ्या पुरे, जमिनीचं बोला!

मागच्या महिन्यात आपल्याकडच्या एका आश्रमशाळेत कार्यक्रम झाला. शहरातून पाहुणे आले. पोरांना टोप्या वाटल्या, हातात फलक दिले. मग भाषण : तरुणांनो, जग तुमच्या हातात आहे. राब जाळू नका, जंगलात गुरं सोडू नका, एक तरी झाड लावा. नंतर पडद्यावर जगातल्या तरुण कार्यकर्त्यांचे फोटो दाखवले. त्यात सुदान देशाची निसरीन अल-साइम होती. “ही मुलगी संयुक्त राष्ट्रांत बोलली, तुम्हीही असे व्हा,” असं सांगितलं. टाळ्या झाल्या, बिस्किटं वाटली, गाड्या गेल्या.

पण ती मुलगी कोण, तिच्या देशात काय चाललंय, तिला बोलावं का लागलं, यावर एक शब्द नाही. तो शब्द आपणच बोलू.

सुदान म्हणजे अरब मुलूख आणि आफ्रिका यांची वेस. तिथे अरबी चालते, शिवाय आपल्यासारख्या कितीतरी जमाती आपापली बोली बोलतात. निसरीन तिथल्या खार्टुम विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकली. मग सूर्य-वाऱ्यापासून वीज करण्याचं पुढचं शिक्षण घेतलं. हवामानावर काम करणारी तरुणांची संघटना चालवली. देशादेशांच्या हवामान बोलण्यांत सुदानकडून बसली. जुलै २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी सात तरुणांचं सल्लागार मंडळ नेमलं, त्याची अध्यक्ष ती झाली.

पाहुण्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली नाही. त्या सातांमध्ये आपली एक आदिवासी पोरगी होती. अर्चना सोरेंग, ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यातली, खडिया जमातीची. ती मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकली, विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष झाली, नंतर ओडिशात वनहक्काच्या कामात राहिली. आदिवासी पोरांसमोर अर्चनाचं नाव का घेतलं नाही? घेतलं असतं तर वनहक्काचं नाव घ्यावं लागलं असतं.

आता सुदानचं बघू. तिथे कोर्दोफान आणि दारफुर भागात हशाब नावाचं झाड आहे, बाभळीच्या कुळातलं. त्याला चीर दिली की डिंक येतो. जगात हा डिंक सगळ्यात जास्त सुदानमधून जातो. बाटलीतल्या थंड पेयांत, गोळ्या-चॉकलेटात, औषधात तो लागतो. तिथले शेतकरी काही वर्षं जमीन पिकवत, मग ती मोकळी सोडून हशाब वाढू देत. झाडाने डिंक दिला, वाळू धरून ठेवली, मातीत कस भरला. झाड म्हातारं झालं की पुन्हा पीक. आपल्या म्हाताऱ्यांना हे समजावून सांगायला नको. यालाच इथे फॉरेस्टवाले नासधूस म्हणतात.

१९९७ साली अमेरिकेने सुदानशी व्यापार बंद केला. सगळा माल अडवला, पण डिंकाला मोकळीक दिली! कंपन्यांना तो हवा होता. देश वाईट, पण डिंक गोड.

आता जमिनीचं ऐका. १९७० साली सुदान सरकारने कायदा केला : ज्या जमिनीची नोंद नाही ती सरकारची, मग तिच्यावर कोणी राहत असो वा नसो. नोंद कोणाकडे होती? शहरातल्या आणि नदीकाठच्या थोड्या लोकांकडे. बाकी मुलूख जमातींच्या वहिवाटीवर चालायचा. एका कागदाने सगळे उपरे झाले. आपल्याला इंग्रजाने १८७८ च्या जंगल कायद्याने हेच केलं नाही का? भाषा वेगळी, सही करणारा वेगळा, डाव तोच.

त्या जमिनी व्यापाऱ्यांना आणि निवृत्त अधिकाऱ्यांना पट्ट्याने दिल्या. ट्रॅक्टर घालून तीळ आणि ज्वारी काढायची, झाड ठेवायचं नाही. जागतिक बँकेनेही या ट्रॅक्टर शेतीला पैसा दिला. जमिनीचा कस गेला की ती टाकून पुढची घ्यायची. गुरं हाकणाऱ्यांचे जुने रस्ते बंद झाले, ते दुसऱ्यांच्या शेतात शिरले, भांडणं लागली. नुबा डोंगरातल्या लोकांच्या जमिनी अशाच गेल्या, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे बंदूक धरली.

याच्या जोडीला दुष्काळ आला. १९८४ चा दुष्काळ तर भयंकर. २००३ मध्ये दारफुर पेटलं. सरकारने एका बाजूच्या टोळ्यांना हत्यारं दिली आणि गावंच्या गावं जाळली गेली. २००७ साली संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी लिहिलं की या भांडणाची सुरुवात निसर्गाच्या संकटातून झाली, आणि त्याला काही अंशी हवामान बदल कारण आहे.

इथे आपण थांबून विचारलं पाहिजे. पाऊस कमी झाला हे खरं. आफ्रिका खंड जगातल्या धुराच्या शंभरात चार वाटेही सोडत नाही, आणि मार तिलाच जास्त, हेही खरं. पण पावसाने कोणाला बंदूक दिली का? १९७० चा कायदा ढगांनी केला का? हवामान हवामान म्हटलं की कोणाचंच नाव घ्यावं लागत नाही. ना जमीन घेणाऱ्याचं, ना हत्यार विकणाऱ्याचं. दुष्काळ आभाळातून येतो, उपासमार मात्र सातबाऱ्यातून येते.

निसरीन हवामान आणि भांडणं हाच विषय घेऊन फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेपुढे बोलली. तिचं धाडस मोठं. आदल्याच पावसाळ्यात तिच्या देशात नाईल नदीला शंभर वर्षांत नव्हता असा पूर आला होता, शंभरावर माणसं गेली, सरकारला तीन महिन्यांची आणीबाणी लावावी लागली. समोर बसले होते ते जगातले मोठे हत्यार विकणारे देश. त्यांनी ऐकलं. पुढे काय? डिसेंबर २०२१ मध्ये हवामानाचा विषय परिषदेने हाती घ्यावा असा ठराव आला. रशियाने तो पाडला. भारतानेही विरोधात मत दिलं. भारताचं म्हणणं, ही बोलणी सगळे देश बसतात त्या सभेत व्हावीत, आणि श्रीमंत देशांनी कबूल केलेला पैसा आधी द्यावा. मुद्दा खोटा नाही. दुष्काळावर फौज पाठवून पाऊस पडत नाही. पण श्रीमंतांकडून न्याय मागणाऱ्या सरकारने तोच न्याय पाड्यावर आणावा ना! दिल्लीतून बाहेर बोलताना आपण गरीब, आणि गावात येताना आपण अतिक्रमण करणारे, हे कसं?

अजून एक गोष्ट. सप्टेंबर २०१९ मध्ये सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. त्यात ट्युनिशियाचा एक अरब मुलगा होता, आपल्या देशातली रिद्धिमा पांडे होती. तक्रार पाच देशांविरुद्ध : तुमच्या धुराने आमचं आयुष्य धोक्यात आलं. दोन वर्षांनी समितीने सांगितलं, एका देशाचा धूर दुसऱ्या देशातल्या मुलांना बाधला तर तो देश जबाबदार धरता येतो. मोठी गोष्ट झाली. पण तक्रार दाखल होणार नाही, कारण आधी त्या त्या देशाच्या कोर्टात जायला हवं होतं. ओळखीचं वाटतं ना? इथून तलाठ्याकडे, तिथून तहसीलला, तिथून प्रांताकडे. पोरं म्हातारी होतात, फाईल तरणीच राहते.

मग हवामानाच्या मोठ्या सभा कुठे भरल्या? २०२२ ची इजिप्तमध्ये. थंड पेयाची बडी कंपनी तिची प्रायोजक, आणि त्याच देशाच्या तुरुंगात अला अब्देल फतह हा लेखक कार्यकर्ता उपोषणाला बसलेला. २०२३ ची दुबईत. अध्यक्ष तिथल्या सरकारी तेल कंपनीचाच प्रमुख. म्हणजे दारूबंदीच्या सभेला गुत्तेवाला अध्यक्ष! त्याच वर्षी दुबईच्या एका कंपनीने आफ्रिकेतल्या लायबेरियाशी बोलणी केली : दहा लाख हेक्टर जंगल, देशाच्या दहाव्या हिश्शाएवढं, कार्बन क्रेडिटसाठी आमच्या हाती द्या. तेल त्यांनी जाळायचं आणि जंगल दुसऱ्यांनी सोडायचं.

आणि सुदान? एप्रिल २०२३ मध्ये तिथे लष्कर आणि निमलष्करी दल आपसांत भिडले. त्या दलाचं मूळ दारफुर जाळणाऱ्या टोळ्यांतच आहे. एक कोटीहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. एका हुशार पोरीच्या भाषणाला टाळ्या देणाऱ्या जगाने तिचा देश जळताना पाठ फिरवली.

म्हणून पाहुण्यांना आपला सवाल आहे : आमच्या पोरांनी निसरीन व्हावं असं वाटतं ना? मग त्यांना फलक देऊ नका, नकाशा द्या. जंगलाचा नकाशा, दाव्याची फाईल, कायद्याची प्रत. बघा मग कसं बोलतात.

आणि आपल्यालाही सवाल आहे. आपल्या सभेत पोरं काय करतात? सतरंजी टाकतात, पाणी देतात, घोषणा देतात. पोरगी उठून बोलली तर “खाली बस” कोण म्हणतं? आपणच. दिल्ली-न्यूयॉर्कवाले तरुणांना शोभेला ठेवतात म्हणून बोटं मोडायची, आणि आपल्या वनहक्क समितीत एकही पंचविशीच्या आतलं माणूस नाही, हे चालणार नाही.

हे आत्ताच सांगायचं कारण आहे. दोन-तीन पाड्यांवर माणसं कागद घेऊन फिरताहेत. झाडं लावू, हवेचे पैसे मिळतील, चाळीस वर्षांचा करार, इथे अंगठा द्या. पैसे किती, कोणाला, मधल्या काळात गुरं चरायची का, मोह वेचायचा का, विचारलं की “नंतर सांगू”. साथींनो, २००६ च्या कायद्याने सामूहिक जंगल ग्रामसभेचं आहे. सरपंचाच्या अंगठ्याने ते जात नाही, जाऊ द्यायचं नाही.

प्रत्येक पाड्याने एवढं करावं :

१. कागद ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, आपल्या बोलीत वाचून घ्यावा. वाचायला शिकलेली पोरं बसवावीत.
२. एकट्याने कोणी सही-अंगठा देऊ नये. दिला असेल तर संघटनेला लगेच कळवावं.
३. पुढच्या सभेत वनहक्क समितीवर तरुण पोरं-पोरी घ्याव्यात, आणि त्यांनी बोलावं.

सुदानच्या डोंगरात नोंद नव्हती म्हणून जमीन गेली. आपल्याकडे नोंदीचा कायदा आहे, तो आपण भांडून मिळवला. तो हातचा घालवून टोपी घ्यायची नाही.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!