२६ जानेवारी : आधी सुट्टी की आधी शोक?

१/ दर जानेवारीत ऑस्ट्रेलियातील माध्यमांचा एक गट तीच तक्रार आळवतो: ‘ऑस्ट्रेलिया डे’ची जुनी परंपरा नवे आंदोलक मोडू पाहतात. कालक्रमापुढे हा दावा टिकत नाही.

२/ २६ जानेवारी १७८८ रोजी आर्थर फिलिपने सिडनी कोव्ह येथे ब्रिटिश ध्वज उभारला. आदिवासींच्या भूमिहरणाचा तो आरंभ.

३/ त्या घटनेला १५० वर्षे झाली तेव्हा, १९३८ साली, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आदी आदिवासी नेत्यांनी सिडनीतच शोकदिन पाळला.

४/ सर्व राज्यांत नेमकी २६ तारखेचीच सुट्टी मात्र १९९४ पासूनची. त्याआधी अनेक राज्यांत ती सोयीने सोमवारी सरकवली जाई. तेव्हा परंपरा बुडाली नाही!

५/ निषेध या सुट्टीहून ५६ वर्षांनी वडील आहे. तारखेवर वाद जरूर व्हावा. परंतु आदिवासींच्या शोकाला नवे खूळ ठरवणाऱ्यांनी आधी आपल्याच देशाची जुनी दिनदर्शिका चाळावी.