पहिलीतल्या मुलांची नोंद कोण घेणार?

जूनमध्ये महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरची सहा वर्षांची मुले पहिलीत बसतात. त्यांत कोणी उशिरा बोलू लागलेले असते, कोणाला कमी ऐकू येते, कोणाला अक्षरेच लागत नाहीत. शाळा म्हणते, ‘लक्ष नाही’. घरचे म्हणतात, ‘मोठेपणी सुधारेल’.

अशी मुले हल्ली वाढली, असे सर्रास बोलले जाते. पण १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचा व भाषादोष त्यात आले. काल ‘ढ’ ठरलेल्या मुलाच्या अडचणीला आज नाव मिळाले आहे. म्हणून आकडा वाढणे हे नेहमी वाईट लक्षण नसते. मूल आकड्यात न येणे हे जास्त वाईट.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करावी, असा नियम आहे. खरी अडचण त्यानंतर येते. पुढचे निदान आणि प्रमाणपत्र यांसाठी जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे अलिबाग. पोलादपूरच्या डोंगरातून ते शंभरावर किलोमीटर. वाचा-उपचार एका फेरीत होत नाही, आठवड्यामागून आठवडे करावा लागतो. नवरा मुंबईला आणि स्वतः मजुरीवर असलेल्या आईने दर फेरीला रोज बुडवायचा कसा?

किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण प्रमाणपत्रच हाती नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

दोष फक्त सरकारचा नाही. ‘मागच्या जन्माचे भोग’ हे शब्द आपल्या बौद्धवाड्यांतही ऐकू येतात. मागच्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये स्पष्टपणे नाकारला आहे. आपण तो मुलांच्या माथी मारू नये.

२० मार्च २०२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षे होतील. सोहळा जरूर व्हावा. त्याआधी गावच्या आणि मुंबईच्या मंडळांनी दोन कामे हाती घ्यावीत, असे आम्हाला वाटते. आपल्या वाडीतल्या सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाची तपासणी झाली का, हे विचारावे. आणि महाड व पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी वाचा-उपचारतज्ज्ञ व प्रमाणपत्र शिबिर मिळावे, अशी लेखी मागणी करावी. पाणी सर्वांचे, हे महाडने देशाला सांगितले. शाळाही सर्वांची आहे.