येऊ द्या, येऊ द्या... बस्स!

हिंजवडी असो, मगरपट्टा असो नाहीतर बीकेसी, ऑफिसची सकाळ एकाच आवाजाने सुरू होते. ‘येऊ द्या, येऊ द्या... बस्स!’ आणि डिक्कीवर थाप. सिक्युरिटीवाले काका बरोब्बर आपल्या गाडीच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभे. आपण? कानात ब्लूटूथ, डोक्यात दहाचा कॉल.

शंभरातल्या एकाचा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला की संपलं. मागे भिंत, दोन्ही बाजूंना गाड्या. काका पळणार कुठे?

वर्कप्लेस सेफ्टी म्हटलं की आपल्याला फायर ड्रिल आठवतं (आणि लिफ्ट बंद म्हणून केलेली कुरकुर). पण कामावर असलेल्या पायी माणसाला गाडीने उडवणं, हा जगभर नेहमीचा अपघात आहे. ब्रिटनची ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’ सांगते की, कामाच्या जागी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ पाव मृत्यू रिव्हर्स घेताना होतात. त्यांचा पहिला सल्ला ‘नीट बघा’ असा नाहीच. रिव्हर्सची वेळच येऊ नये असा वन-वे आखा, म्हणतात. माणूस उभा करायचाच, तर ट्रेनिंग दिलेला आणि ड्रायव्हरला सतत दिसणारा. तो दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारला रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे. मग काका मागे कशाला? खरं सांगू? ती सेफ्टी नाही, सर्व्हिस आहे. सलामासारखीच.

कायदा आहे, नाही असं नाही. कामावर असताना गाडीने उडवलं, तर भरपाई मालकाकडे किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. दोन्हीकडे मात्र नाही. पण वेळेचं काय? महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचे वॉचमन २००३ मध्ये ड्युटीवर जाताना रस्त्यात अपघातात गेले. तो अपघात नोकरीशी जोडलेलाच होता, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षं! तेवढ्यात घरातली मुलं नोकरीला लागतात.

तेव्हा मंडळी, अ‍ॅडमिनला वन-वेचा मेल टाकाच. तोवर उद्या गिअर टाकण्याआधी काच खाली करा आणि म्हणा, ‘काका, मागे नको, इकडे बाजूला या, आरशात दिसाल असे.’ थाप नाही मारली तरी चालेल, हात वर केला की कळतं.