कंपायलरची चाचणी नापास. पण दोष नेमका कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये दुचाकी तयार होतात. एबीएस नसलेल्या मोटारसायकलची एबीएस चाचणी घेऊन तिला कोणी ‘नापास’ ठरवणार नाही. तिथे ‘लागू नाही’ असेच लिहावे लागेल. कंपायलरच्या चाचण्यांना मात्र हे मुद्दाम शिकवावे लागते.

अडचण काय?

कंपायलर प्रोग्रामचे रूपांतर प्रोसेसरच्या सूचनांमध्ये करतो. पण प्रत्येक प्रोसेसरला प्रत्येक सूचना कळत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ‘एव्हीएक्स-५१२’ हा सूचनासंच होता. १२व्या पिढीत कंपनीने तो बंद केला. म्हणजे नव्या संगणकात जुन्यातले सगळे असेलच असे नाही. अशा संगणकावर या सूचनांची चाचणी चालवली, की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश येऊन प्रोग्राम बंद पडतो. कोड बरोबर असूनही ठपका कंपायलरवर येतो.

उपाय काय?

आधी प्रोसेसरची क्षमता तपासायची, मगच चाचणी चालवायची. ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरच्या चाचण्यांत तशी अट लिहिता येते. क्षमता नसेल, तर निकाल ‘पास’ किंवा ‘फेल’ नव्हे, तर ‘अनसपोर्टेड’ असा नोंदवला जातो.

मग प्रश्न सुटला का?

नाही. खरा धोका इथेच आहे. वगळलेली चाचणी म्हणजे उत्तीर्ण चाचणी नव्हे. अहवालात एकही ‘फेल’ नसतो, सगळे समाधानी असतात आणि तो कोड प्रत्यक्षात कुठेच चाललेला नसतो. म्हणून वगळलेल्या चाचण्यांची संख्या अहवालात ठळकपणे दिसली पाहिजे. शिवाय, प्रत्येक चाचणी किमान एका योग्य प्रोसेसरवर, तो नसल्यास इम्युलेटरवर तरी चाललीच पाहिजे.

भारतासाठी महत्त्वाचे का?

आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे प्रोसेसर ‘रिस्क-फाइव्ह’वर आधारित आहेत. त्याचा मूळ सूचनासंच छोटा आहे. गुणाकार, दशांश आकडेमोड, व्हेक्टर हे सारे ऐच्छिक. त्यामुळे एकाच कुळातल्या दोन चिपची क्षमता वेगळी असू शकते. देशी चिप वाढतील, तशी ही तपासणी अधिक कळीची ठरेल.

शहरात विद्यापीठ परिसरातील ‘नाइलिट’ केंद्र आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. प्रयोगशाळेत जुने-नवे संगणक एकत्र असणे ही एरवी तक्रारीची बाब. या कामासाठी मात्र तेच भांडवल आहे. एकच चाचणी त्या सगळ्यांवर चालवून निकालांतील फरक विद्यार्थ्यांना शोधायला लावावा. ‘माझ्या संगणकावर तर चालते’ हे उत्तर का पुरेसे नाही, हे त्यातून लवकर कळेल.