लोटा, गाडगं आणि एमरी डग्लस

आर्ट कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक अभ्यास दिला होता. प्रभावी चित्रकार आणि प्रयोगशील ग्राफिक डिझायनर निवडा, वीस पानं लिहा, लेआउट करून आणा. सरांनी फळ्यावर नावंसुद्धा लिहून दिली. बाउहाउसवाले, स्वित्झर्लंडचे टायपोग्राफर, रशियाचा एल लिसित्स्की. नावं मोठीच आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

मी एमरी डग्लस घेतला. सर वही चाळून म्हणाले, "हे डिझाईन नाही रे, हा प्रचार आहे."

लिसित्स्कीनं १९१९ साली पांढऱ्या वर्तुळात लाल पाचर घुसवली, ती काय घराच्या भिंतीला शोभा म्हणून? तोही यादवी युद्धातल्या लाल फौजेचा प्रचारच होता. पण ती पाचर डिझाईन आणि काळ्या बाईच्या हातातली बंदूक प्रचार! मार्क कापले गेले. मार्कांचं काही नाही. पण 'डिझाईन' म्हणायचं कशाला, हे ठरवणारा हात कुणाचा, हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात ठाण मांडून बसलाय.

दोस्तांनो, एमरी डग्लस हे नाव आपल्याला परकं नसावं. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली. तिचंच नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचं नाव घेतलं, त्यांच्या पोलिसी छळाच्या कहाण्या घेतल्या. त्यांचा चित्रकार मात्र तिकडंच राहिला.

हा एमरी १९४३ सालचा. पोरवयात सुधारगृहात गेला, आणि तिथल्या छापखान्यात कामाला लागला. शाईशी त्याची ओळख अशी झाली. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात कमर्शिअल आर्ट शिकला. एप्रिल १९६७ मध्ये 'ब्लॅक पँथर'चा पहिला अंक निघाला, तो सायक्लोस्टाईल केलेला. डेन्झिल डोवेल नावाच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी गोळी घातली होती, त्याचा जाब विचारणारा. नंतर एमरी त्या पेपरचा चित्रकार झाला, पार्टीचा सांस्कृतिक मंत्री झाला. पेपरचा खप आठवड्याला लाखाच्या वर गेला.

आता त्याचा प्रयोग बघा. पैसे नव्हते म्हणून काळ्या शाईबरोबर दुसरा एकच रंग. लाकडात कोरायला वेळ नाही म्हणून पेनानंच कोरल्यासारखी जाड काळी रेघ. ठिपक्या-रेघांचे तयार छापील कागद कापून चिकटवलेले, फोटोंचे तुकडे जोडलेले. आणि शेवटचं पान म्हणजे पोस्टर! फाडा आणि भिंतीवर लावा. गॅलरी म्हणजे गल्ली. आत नेत्यांचे चेहरेही होते, पण जीव होता तो उंदरांच्या खोलीत लेकरू सांभाळणाऱ्या आईत, किराण्याची पिशवी छातीशी धरलेल्या म्हातारीत. काळ्या माणसानं भिंतीवर स्वतःला बघितलं, ते मान ताठ केलेलं.

याला प्रयोग म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

आपल्या देशात डिझाईनची पोथी कुठून सुरू होते? १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन नवरा-बायकोनं भारत सरकारसाठी 'इंडिया रिपोर्ट' लिहिला. त्यातूनच १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था झाली. त्या रिपोर्टात आपल्या लोट्याची आरती ओवाळलीय. पाणी किती मावतं, डोक्यावर नेतात की कमरेवर, ओतताना तोल कसा राहतो, आवाज कसा येतो, सगळं विचारलंय. एकच विचारलं नाही: हा लोटा शिवायचा कुणी?

ज्या देशात २० मार्च १९२७ ला ओंजळभर पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथं लोट्याचा घाट सुंदर आहे म्हणून आम्ही नाचायचं काय?

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात गाडगं अडकवून फिरावं लागे, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये हे लिहून ठेवलंय. ते गाडगंही डिझाईनच होतं की! हेतूला नेमकं, स्वस्त, टिकाऊ. फॉर्म आणि फंक्शन दोन्ही पक्के. ते कुठल्या डिझायनरच्या वहीत आहे सांगा.

म्हणून एमरीची नक्कल करा असंही मी म्हणत नाही. त्यानं जुलमी पोलिसाला डुक्कर केलं, तिकडं ते लागू पडलं. इथं डुक्कर काढलं तर शिवी कुणाला बसेल? डुकरामागं धावायला लावलेल्या आपल्याच माणसाला. २०१३ सालचा 'फँड्री' ज्यानं बघितला, त्याला हे फोडून सांगायला नको. चित्र उसनं आणता येतं, पण त्याचा अर्थ इथल्या मातीतच काढावा लागतो.

आता जरा आपल्या बुडाखाली बघू. १४ एप्रिलला वस्तीतला पेंटर निळ्या रंगात हात बुडवून रात्रभर कापड रंगवायचा. फ्लेक्स आला आणि त्याचा ब्रश वाळला. त्या फ्लेक्सवर काय असतं? वर कोपऱ्यात नखाएवढे बाबासाहेब, आणि खाली गॉगल लावलेले चाळीस इच्छुक! आपल्या बापाला कोपऱ्यात ढकलणारा हा लेआउट कुठल्या मनुवाद्यानं केला? आपणच केला. सरांवर राग काढणं सोपं आहे, पण या चाळीस चेहऱ्यांपुढं आपण गप्प का?

एमरीच्या कामाचं २००७ साली लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात प्रदर्शन भरलं. पेपर १९८० साली बंद पडला होता. भिंतीवरची चित्रं काचेआड गेली, आता त्यांना डिझाईन म्हणायला कुणाची हरकत नाही. चळवळ थंडावली की व्यवस्था तिला फ्रेम करते. तोवर थांबायचं काय?

मी थांबत नाही. माझी मागणी या अंकाच्या संपादकांकडेच आहे. शेवटचं पान मोकळं सोडा. एक रंग पुरे, निळा. मी त्यावर गटाराचं झाकण काढणार आहे. २०१३ साली कायदा होऊनही माणूस त्यात उतरतोय आणि मरतोय. चेहरा एकाही नेत्याचा नसेल. तुम्ही ते पान फाडा आणि जिथं माणूस उतरवला जातो त्या गल्लीच्या तोंडावर लावा.

मार्क तिथली माणसं देतील.

जय भीम!